उकाडा, माठ आणि शेजार

मे महिन्याच्या सुट्टीत नागपूरला गेलात तर माठातले पाणी पिऊन पाहा. बाहेर अंग भाजून काढणारे ऊन असते आणि पाणी मात्र दात शिवशिवावेत इतके गार लागते. तोच माठ मुंबईच्या स्वयंपाकघरात ठेवला, तर पाणी जेमतेम निवते. मुंबईची हवा नागपूरइतकी तापत नाही, तरीही असे का व्हावे?

याचे उत्तर तुम्ही शाळेत शिकला आहात. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारा अप्रकट उष्मा माठाकडून व आतल्या पाण्याकडून घेतला जातो, म्हणून पाणी गार होते. हवा कोरडी असेल तर बाष्पीभवन झपाट्याने होते. हवेत आधीच भरपूर बाष्प असेल तर ते मंदावते. म्हणून कोरड्या नागपुरात माठ चांगले काम करतो आणि दमट मुंबईत कमी.

विद्यार्थी मित्रांनो, आपले शरीर हाही एक माठच आहे. आज आपण या माठाचे थोडे गणित करू. पण गणित सुटल्यावरही एक कोडे शिल्लक राहणार आहे.

शरीराच्या उष्म्याचा जमाखर्च

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साधारण १०० ज्यूल उष्णता निर्माण होते. म्हणजे प्रत्येक माणूस हा १०० वॅटचा एक दिवाच! तासाभरात ही उष्णता ३,६०,००० ज्यूल होते. एरवी ती वहन, अभिसरण आणि प्रारण यांच्या द्वारे भोवतालच्या हवेत निघून जाते. परंतु हवेचे तापमान त्वचेच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ३५ अंश सेल्सिअसहून वाढले की हे मार्ग उलटे वाहू लागतात आणि हवाच आपल्याला तापवू लागते. मग उरतो एकच मार्ग, तो घामाचा.

एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. तेव्हा ३,६०,००० ला २,४०० ने भागा. उत्तर येते १५०. तासाला निदान १५० ग्रॅम घाम वाळला पाहिजे. केवळ सुटून भागत नाही, तो वाळला पाहिजे. दमट हवेत घामाच्या धारा लागतात आणि तरी जीव कासावीस होतो, तो यामुळेच.

समजा, ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर? शरीराचा एक किलोग्रॅम भाग एक अंशाने तापण्यास सुमारे ३,५०० ज्यूल लागतात. ६० किलोग्रॅमच्या माणसासाठी हा आकडा २,१०,००० ज्यूल होतो. म्हणजे दर तासाला तापमान सुमारे १.७ अंश वाढेल. ३७ अंशांवरून निघालेले शरीर दोन तासांत ४० अंशांच्या पुढे जाईल, आणि तेथे उष्माघाताची हद्द सुरू होते.

म्हातारपणी हा माठ जुना झालेला असतो. घाम कमी सुटतो. त्वचेकडे जाणारा रक्तप्रवाह हवा तसा वाढत नाही. तहान लागल्याची जाणीव बोथट होते. रक्तदाबावरील काही औषधांमुळे शरीरातले पाणी अधिक बाहेर पडते. म्हणून उष्णतेच्या लाटेत वृद्ध माणसे सर्वांत आधी संकटात सापडतात. येथपर्यंत पदार्थविज्ञान आणि शरीरशास्त्र यांची उत्तरे पुरतात. आता कोड्याकडे वळू.

एका शहरातल्या दोन वस्त्या

जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरावर उष्णतेची मोठी लाट आली. १३ जुलैला तापमान ४१ अंशांवर पोहोचले. हवा दमट होती आणि रात्रीही उकाडा उतरत नव्हता. हजारो घरांची वीज गेली. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा सुमारे ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते, आणि त्यांतले कितीतरी आपल्या खोलीत एकटेच मरण पावले.

एरिक क्लायनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने पुढे या घटनेचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याने शहराच्या पश्चिम भागातील नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या लगतच्या वस्त्यांची तुलना केली. दोन्हींकडे हवा तीच. गरिबी आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण यांतही फारसा फरक नव्हता. तरीही उत्तरेच्या वस्तीत दर लाख लोकसंख्येमागे सुमारे ४० मृत्यू झाले, तर दक्षिणेच्या वस्तीत सुमारे ४!

हा दहापट फरक कशामुळे पडला? उत्तरेच्या वस्तीतले मोठे कारखाने काही दशकांत बंद पडले होते. त्यांच्यामागून दुकाने गेली आणि निम्म्याहून अधिक माणसेही गेली. पडकी घरे, मोकळे भूखंड आणि गुन्हेगारीची भीती यांमुळे म्हातारी माणसे दार लावून आत बसत. दक्षिणेच्या वस्तीत मात्र रस्त्यावर दुकानांची रांग आणि सकाळपासून वर्दळ होती. तिथले वृद्ध सवयीने बाहेर पडत, गार दुकानात टेकत, ओळखीच्या माणसाशी चार शब्द बोलत. एखादा दिसला नाही तर चौकशी होई.

उत्तरेची वस्ती कृष्णवर्णीयांची होती, म्हणून असे झाले का? नाही. ऑबर्न ग्रेशॅम हीही कृष्णवर्णीयांचीच वस्ती. पण तिथे दुकाने, मंडळे आणि चर्च टिकून होती, आणि मृत्यूचे प्रमाण शहरातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक होते. तेव्हा फरक माणसांच्या रंगात नव्हता, तो रस्त्याच्या जिवंतपणात होता.

घाई करू नका!

चांगला विद्यार्थी येथे हात वर करील. ‘सर, दोनतीन वस्त्यांवरून नियम कसा काढता येईल?’ प्रश्न रास्त आहे. या दोन वस्त्यांतील मृत्यूंची प्रत्यक्ष संख्या लहान होती, १९ आणि ३. लहान संख्यांवर फार मोठी इमारत उभारू नये. पण दुसऱ्या संशोधकांनी साऱ्या शहरातील मृत व्यक्तींची तुलना त्यांच्याच परिसरातील हयात व्यक्तींशी केली, तेव्हाही हेच दिसले. एकटे राहणारे आणि घराबाहेर न पडणारे यांना धोका अधिक होता. जवळपास मित्रमंडळी असणाऱ्यांना तो कमी होता.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. माणसांत मिसळल्याने प्रकृती चांगली राहते, की प्रकृती चांगली असते म्हणून माणूस मिसळतो? कारण कोणते आणि परिणाम कोणता?

कॅलिफोर्नियातील अ‍ॅलमीडा परगण्यात १९६५ मध्ये ६,९२८ प्रौढांची माहिती घेऊन नऊ वर्षे त्यांचा मागोवा घेतला गेला. १९७९ मध्ये लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी निष्कर्ष मांडले. नातीगोती, मित्र, मंडळे यांच्याशी सर्वांत कमी संबंध असलेल्या लोकांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या दुपटीहून जास्त होते. सुरुवातीची प्रकृती, धूम्रपान इत्यादी बाबी हिशेबात घेतल्यावरही फरक उरलाच.

याहून मजेदार प्रयोग १९९७ चा. शेल्डन कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले आणि त्यांना वेगळे ठेवले. संसर्ग सर्वांना सारखाच. तरीही ज्यांचे संबंध तीन किंवा त्याहून कमी प्रकारचे होते, त्यांना सर्दी होण्याची शक्यता सहा किंवा अधिक प्रकारचे संबंध असणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. येथे ‘प्रकार’ हा शब्द ध्यानात घ्या. घरचे, शेजारी, सहकारी, भजनी मंडळातले सोबती हे निरनिराळे प्रकार झाले.

एवढ्याने कार्यकारणभाव पुरता सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. माणसांना चिठ्ठ्या टाकून ‘तू एकटा राहा’ असे सांगता येत नाही. पण निरनिराळ्या वाटांनी गेलेली मोजमापे एकाच ठिकाणी येऊन मिळत आहेत, आणि विज्ञानात त्याला किंमत असते.

नोंदवही आणि दूरध्वनी

१९९९ मध्ये शिकागोत पुन्हा लाट आली. या वेळी नगर प्रशासनाने एकट्या वृद्धांना दूरध्वनी केले, घरी माणसे पाठवली, गार जागी नेण्यासाठी बसगाड्या ठेवल्या. मृत्यू सुमारे ११० वर राहिले. दोन्ही लाटा अगदी एकसारख्या नव्हत्या, म्हणून सारे श्रेय या उपायांना देणे बरोबर नाही. पण ते मुळीच न देणेही बरोबर नाही. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५,००० माणसे दगावली. तेव्हापासून तेथील नगरपालिका एकट्या वृद्धांची नोंदवही ठेवतात आणि लाट आली की त्यांची विचारपूस करतात. आपल्याकडे २०१० च्या लाटेने पोळलेल्या अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेसाठी कृती-आराखडा तयार केला, आणि त्यानंतर नागपूरसह इतर शहरांनीही तो मार्ग धरला.

आता एक गोष्ट सांगतो, ती माझ्या कमीपणाची आहे. आमच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. गच्ची दिवसभर तापते आणि रात्रभर ती उष्णता खालच्या खोलीत सोडते, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो. एका एप्रिलमध्ये सकाळी दूधवाला माझ्या दाराशी आला आणि म्हणाला, ‘सर, वरच्या आजींच्या दाराला कालची पिशवी तशीच लटकली आहे.’ दार उघडून पाहिले तर आजी तापाने फणफणलेल्या आणि असंबद्ध बोलत होत्या. वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे त्या वाचल्या. त्याच आठवड्यात मी अप्रकट उष्म्याची उदाहरणे सोडवून घेत होतो. माझ्या डोक्यावरच्या खोलीत तेच उदाहरण प्रत्यक्ष घडत होते, आणि ते ओळखले दूधवाल्याने.

त्यानंतर इमारतीतल्या मुलांनी पाळी लावून घेतली. उन्हाळ्यात रोज सकाळ-संध्याकाळ एकाने वर जाऊन यायचे. आजींनी मात्र ‘नुसते बघायला येऊ नका, वह्या घेऊन या’ असे बजावले. आता तिथे संध्याकाळी व्याकरणाचा वर्ग भरतो. आजींना सोबत मिळाली आणि मुलांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका कमी झाल्या.

हे करून पाहा

१. एकसारखे दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्यावर ओले फडके गुंडाळा आणि दोन्ही सावलीत टांगा. काही मिनिटांनी दोहोंतील फरक टिपा. फरक जितका कमी, तितकी हवा दमट आणि घाम वाळणे कठीण. उन्हाळाभर रोज दुपारी ही नोंद ठेवा.

२. तुमच्या गल्लीचा किंवा वाडीचा नकाशा काढा. सत्तरीपुढची कोणती माणसे एकटी राहतात, त्यांच्याकडे रोज कोण जाते, ती स्वतः कुठे जाऊन बसतात (पार, देऊळ, वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ), हे त्यांना विचारून लिहा. ज्या घराशी एकही रेघ जोडलेली नाही, ते घर लाल खुणेने दाखवा. हा नकाशा शिक्षकांजवळच ठेवा, चारचौघांत लावू नका. कोण एकटे राहते हे परक्याला कळणे बरे नव्हे.

३. कोणी उन्हाळ्यात तापलेल्या अंगाने बरळू लागले, ग्लानीत गेले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत माणसाला सावलीत आणा, अंगावर पाणी शिंपडा आणि वारा घाला. असे का करायचे, हे आता तुम्हाला सांगावे लागणार नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी मात्र घालू नका.

पहिल्या प्रयोगाला तापमापक लागतो. दुसऱ्याला फक्त पायऱ्या चढाव्या लागतात. नकाशातल्या लाल घराचे दार आजच ठोठावा आणि आजींना विचारा, ‘माठ भरून देऊ का?’