‘हात वर केले की सुटलो’ : नादारीबद्दलचे गैरसमज

चिपळूणच्या बाजारपेठेत २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शिरले, तेव्हा किराणा, कापड, औषधे, फ्रिज-टीव्ही असा सगळा माल चिखलात गेला. मालावरचे देणे मात्र जागच्या जागी राहिले : घाऊक व्यापाऱ्याची उधारी, बँकेचे कॅश क्रेडिट, पतसंस्थेचे हप्ते. आदल्या वर्षी, ३ जून २०२० ला, निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या केल्या होत्या. अशा संकटात सापडलेल्या छोट्या व्यापाऱ्याला आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, “नादारी घे, सुटशील.” दुसरा म्हणतो, “नको रे, अंगावरचे कपडेसुद्धा जप्त होतील.” दोघेही चुकतात, कारण दोघांनीही नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, १९२० चा कायदा उघडून पाहिलेला नसतो.

होय, १९२० चाच. वर्तमानपत्रात मोठमोठ्या कंपन्यांच्या दिवाळखोरीच्या बातम्या येतात आणि २०१६ च्या नव्या संहितेचे नाव वारंवार छापून येते, त्यामुळे आपल्यालाही तीच लागू असणार असे बहुतेकांना वाटते. त्या संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे खरा. पण हे लिहिताना तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. रत्नागिरीतला किराणा दुकानदार, मिरकरवाड्यातला मासळीचा व्यापारी किंवा गणपतीपुळ्यातला खानावळवाला स्वतःच्या कर्जात बुडाला, तर त्याला आजही ‘प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०’ हाच दरवाजा आहे आणि न्यायालय जिल्ह्याचे. हाच माणूस मुंबई शहरात धंदा करत असेल तर १९०९ चा वेगळा कायदा आणि उच्च न्यायालय. चाकरमान्याने हा फरक लक्षात ठेवावा.

ही दुफळी इंग्रजांची देणगी आहे. १८४८ साली लंडनच्या पार्लमेंटने कायदा केला तो मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांपुरता, कारण इंग्रज व्यापाऱ्यांच्या पेढ्या तिथे होत्या. मुफसलातल्या, म्हणजे रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांतल्या कर्जदाराला नादारीचे रीतसर प्रकरण मिळाले १८७७ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आणि स्वतंत्र कायदा थेट १९०७ मध्ये. त्याच्या जागी १९२० चा आला, तो अजून चालू आहे. त्यात अर्जाची किमान मर्यादा अजून ५०० रुपये कर्जाचीच आहे. पाचशे रुपयांत आज हापूसची एक चांगली डझनही येईल की नाही, शंकाच आहे. ही रक्कम शंभर वर्षांत कोणाला बदलावीशी वाटली नाही, यावरून या कायद्याकडे किती दुर्लक्ष झाले ते कळते.

आता मूळ गैरसमज. अर्ज केला, न्यायालयाने ‘नादार’ ठरवले, की कर्ज संपले असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात त्या हुकुमाने गोष्ट सुरू होते. अर्जदाराला सगळ्या धनकोंची नावे-पत्ते, प्रत्येकाचे देणे, स्वतःची मालमत्ता आणि हिशेबाच्या वह्या यांची माहिती द्यावी लागते. सुनावणीची नोटीस धनकोंना जाते आणि राजपत्रात छापली जाते. न्यायालय अर्जदाराची तपासणी घेते. नादारीचा हुकूम झाला की मालमत्ता त्याची राहत नाही, ती न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिसीव्हर ती विकतो आणि कायद्याने आधी द्यायची देणी भागवून उरलेले पैसे धनकोंना प्रमाणात वाटतो. शिवाय हुकुमातच एक मुदत दिलेली असते, तिच्या आत ‘मुक्तता’ मागायची असते. ती मागितली नाही, तर नादारीचा हुकूमच रद्द होतो आणि धनको पुन्हा मोकळे. कर्जातून सुटका होते ती या मुक्ततेच्या हुकुमाने, आधीच्या नव्हे.

मुक्तता मागताना खरी परीक्षा होते. तुमच्या मालमत्तेतून बिनतारणी देण्यांचे रुपयामागे आठ आणेही वसूल होत नसतील, गेल्या तीन वर्षांत धंद्याला साजेसे हिशेब ठेवलेले नसतील, बुडाल्याचे कळूनही तुम्ही धंदा चालू ठेवला असेल, किंवा सट्टा, जुगार, उधळपट्टी यांनी दिवाळे ओढवून घेतले असेल, तर न्यायालयाला विनाअट मुक्तता नाकारावीच लागते. कायद्यात शब्द ‘आठ आणे’ असाच आहे. ही अट विलायतेहून आलेली : तिकडे पौंडामागे दहा शिलिंग, म्हणजे निम्मे. १९१४ च्या इंग्लिश कायद्यात ती होती आणि तो कायदा विसाव्या शतकाच्या मध्यावर लंडन-मँचेस्टरच्या छोट्या दुकानदारांना लागू होता. त्याच्याही कितीतरी आधी, १८४९ च्या कायद्याने, दिवाळखोर व्यापाऱ्यांना तीन दर्जांची प्रमाणपत्रे देण्याची पद्धत घातली होती : अटळ नुकसानीने बुडालेल्याला पहिल्या दर्जाचे, स्वतःच्या वागणुकीने बुडालेल्याला तिसऱ्या. इंग्लंडने दर्जे पुढे काढून टाकले, पण माणूस का बुडाला हा प्रश्न कायद्यातून गेला नाही. आपल्याकडेही आठ आण्यांच्या अटीला सवलत आहे. ज्या परिस्थितीसाठी नादाराला जबाबदार धरता येत नाही, तिच्यामुळे मालमत्ता कमी पडली असे न्यायालयाला पटले, तर ती अट आड येत नाही. महापूर याचे उघड उदाहरण.

हिशेबाच्या अटीला मात्र पुरात अडचण होते, कारण वह्याही मालाबरोबर भिजतात. कायद्याचा गमतीचा कटाक्ष बघा : जप्तीतून सुटणाऱ्या वस्तूंत भांडीकुंडी बसतात, हिशेबाच्या वह्या बसत नाहीत. त्या द्याव्याच लागतात. म्हणून रोजकीर्द-खतावणी गेली असेल, तर बँकेचे उतारे, जीएसटी विवरणपत्रे, कर सल्लागाराकडच्या प्रती जमवणे हे वकील शोधण्याआधीचे काम आहे.

कपड्यांची भीती तेवढ्यापुरती निकालात काढू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार घरच्यांचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, धार्मिक चालीप्रमाणे स्त्री अंगावरून काढू शकत नाही असे दागिने, म्हणजे मंगळसूत्र, आणि कारागिराची हत्यारे जप्त होत नाहीत. शेतकऱ्याचे राहते घर आणि शेतीची अवजारे यांनाही संरक्षण आहे. सामायिक बागेत तुमचा हिस्सा असेल तर तो हिस्सा रिसीव्हरकडे जातो, भावाच्या हिश्शाला हात लागत नाही. नादारी चालू असताना वारशाने काही मिळाले, तर तेही मुक्ततेपर्यंत रिसीव्हरचेच.

“मग आधीच बायकोच्या नावावर करून टाकायचे!” हा सल्ला चहाच्या टपरीवर फुकट मिळतो आणि सर्वांत महाग पडतो. नादारीच्या आधीच्या दोन वर्षांत फुकट किंवा नावापुरत्या मोबदल्यात केलेले हस्तांतरण रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. धनकोंना बुडवण्याच्या हेतूने मालमत्ता हलवणे ही स्वतःच ‘नादारीची कृती’ आहे, म्हणजे तिच्या आधारे धनकोच तुमच्याविरुद्ध अर्ज करू शकतो. मर्जीतल्या एकाच धनकोला झुकते माप देऊन शेवटच्या तीन महिन्यांत पैसे दिले, तर तेही उलटवता येते. मालमत्ता किंवा वह्या लपवल्या तर एक वर्षापर्यंत कैद.

कैदेवरून दुसरी जुनी भीती : कर्ज थकले की तुरुंग. ही भीती विलायतेत खरी होती. चार्ल्स डिकन्सच्या वडिलांना १८२४ साली कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात जावे लागले. आपल्याकडेही दिवाणी कैदेची तरतूद आहे, तीन महिन्यांपर्यंत, पण १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की निव्वळ देता येत नाही म्हणून माणसाला डांबता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ किंवा लबाडी दिसली पाहिजे. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक होतच नाही. आणि अटक होऊन कोणी न्यायालयासमोर आलाच, तर ‘तुला नादारीचा अर्ज करता येईल’ हे त्याला सांगणे न्यायालयाचे कर्तव्य आहे. चेक न वटल्याचा खटला मात्र वेगळा. तो फौजदारी आहे आणि नादारीने मिटत नाही.

मुक्तता मिळूनही सगळी देणी पुसली जात नाहीत. सरकारी देणे राहते, फसवणुकीने केलेले कर्ज राहते, न्यायालयाने ठरवलेली पोटगी राहते. तारणावर कर्ज दिलेली बँक आपले तारण विकू शकते, तिला नादारीचा अडथळा नाही. आणि आपल्या जिल्ह्यात ज्याचा खरा फटका बसतो ते म्हणजे जामीनदार. पतसंस्थेच्या कर्जाला सही करणारा शेजारी किंवा मेहुणा मूळ कर्जदार मुक्त झाला तरी मुक्त होत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला त्याच्या दारात येतो. मैत्रीखातर सही करणाऱ्यांनी निदान एवढे तरी माहीत करून घ्यावे.

बापाचे कर्ज मुलाच्या माथी ही समजूत तर इतकी रुजली आहे की वसुलीवाले तिच्यावरच चालतात. मुंबई इलाख्यात १८६६ च्या कायद्यानेच वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली होती. ९ सप्टेंबर २००५ नंतरच्या कर्जांसाठी, हिंदू मुलाने बापाचे ऋण फेडण्याचे ‘धर्मकर्तव्य’ हा आधारही हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने काढून टाकला. वडिलांच्या पश्चात दुकान मिळाले असेल, तर दुकानाच्या किमतीइतके देणे तुमचे. तुमच्या पगाराला कोणी हात लावू शकत नाही, तुम्ही स्वतः जामीन नसाल तर.

सामाजिक नुकसान होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. मुक्तता न मिळालेला नादार ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत निवडून येऊ शकत नाही, आणि आपण नादार आहोत हे न सांगता पन्नास रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तर तो गुन्हा ठरतो. पण मतदानाचा हक्क जात नाही, आणि नादारी हा स्वतः गुन्हा नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी सावकाराच्या अटी मान्य करू नयेत. त्याच्याकडे सावकारीचा परवाना आहे का, हे आधी विचारा. परवाना नसेल तर त्याला वसुलीचा हुकूमनामा मिळत नाही. आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात मोफत वकील मिळण्यास पात्र असलेल्यांच्या यादीत स्त्रिया आहेत, कमी उत्पन्नाचे लोक आहेत, आणि पूरग्रस्तही आहेत.