हिरडा एकच, नावं तीन

एप्रिल-मे महिन्यात डिंभ्यावरून आहुप्याकडे किंवा जुन्नरहून घाटघरकडे गेलात, तर घरापुढच्या अंगणात, कातळावर बारकी फळं वाळत पडलेली दिसतात. हिरवी होती ती उन्हानं काळी पडत चाललेली. हा बाळहिरडा. शहरातला पाहुणा हमखास विचारतो, “याचं झाड वेगळं असतं का हो?”

नसतं. बाळहिरडा, चांभारी हिरडा आणि सुरवारी हिरडा ही एकाच फळाची तीन वयं. आठळी धरण्याआधी उतरवून वाळवला तो बाळहिरडा. अर्धवट वाढलेला, कातडं कमवायला जायचा तो चांभारी. झाडावरच पुरता पिकलेला तो सुरवारी. हिंदीत छोटी हरड, बडी हरड म्हणतात. युनानी हकिमांकडे काळा, पिवळा आणि काबुली हलीला असतो. नावं निराळी, हिशोब वयाचाच.

त्या ‘काबुली’नं आणखी एक घोळ घातलाय. ‘टर्मिनालिया चेब्युला’ या शास्त्रीय नावातही काबूलच लपलंय. त्यामुळे झाड तिकडून आलं असं काहींना वाटतं. खरं तर फळ काबूलच्या वाटेनं पश्चिमेकडे गेलं आणि व्यापाऱ्याचा पत्ता झाडाला चिकटला. झाड आपल्याच उपखंडातलं, ऐन-अर्जुनाच्या भाऊबंदकीतलं. त्रिफळ्यातला बेहडाही त्याच गोतातला; आवळा मात्र परका.

पिकलेल्या फळाला जास्त भाव, हा आंब्यावरून केलेला अंदाज इथे साफ चुकतो. भाव खातो तो बाळहिरडाच. पावसाळ्याच्या तोंडावर महादेव कोळी घरांत रोख पैसा येतो तो बराचसा यातूनच, म्हणून पोरंटोरंसुद्धा वेचायला लागतात. माझ्या मते खरी काळजी इथे आहे: सगळी फळं कोवळीच उतरवली, तर रुजायला बी कुठून येणार? झाडागणिक एखादी फांदी तरी पिकायला सोडायला हवी.

‘हिरडा जंगलातला, म्हणजे सरकारचा’ असंही सर्रास ऐकू येतं. कितीतरी झाडं आदिवासींच्या मालकीच्या रानात उभी आहेत. जंगलातल्या गौण वनोपजावरही 2006 च्या वनहक्क कायद्यानं वनवासी समाजाचा मालकी हक्क मान्य केलाय. तरी 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळानं हिरडा झोडपला, तेव्हा भरपाईसाठी इथल्या लोकांना पुढे कित्येक वर्षं आंदोलनं करावी लागली.