डोंगरी सायकलीच्या चाकाचे माप : नामाभिधान, यांत्रिकी आणि निवड

प्रस्तावना

गिरगावातील फणसवाडीसारख्या दाट वस्तीत सायकल ही आजही प्रामुख्याने कामाची वस्तू आहे. पाववाला, दूधवाला आणि डबेवाला ज्या काळ्या, उंच सायकली वापरतात त्यांच्या चाकाचे माप विचारण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. ते '२८ इंची' असते हे दुकानदाराला व गिऱ्हाइकाला सारखेच ठाऊक असते. मात्र त्याच चाळींच्या जिन्याखाली जाड, खाचदार टायरच्या डोंगरी सायकलीही आता उभ्या असतात आणि ती खरेदी करणाऱ्यापुढे तीन आकडे ठेवले जातात : २६, २७.५ आणि २९. विक्रेत्याचा कल बहुधा मोठ्या आकड्याकडे असतो. विद्यार्थी तो आकडा घेऊन प्राध्यापकांकडे येतात; महाविद्यालयाच्या जिमखान्यासाठी किंवा निसर्ग मंडळासाठी सायकली घ्यावयाच्या झाल्यास दरपत्रकांवरही हाच आकडा ठळकपणे असतो. चुकीच्या मापाची सायकल घेतली तर ती दोन पावसाळ्यांत अडगळीत जाते आणि पुढील अंदाजपत्रकापर्यंत तिच्या जागी दुसरी येत नाही.

प्रस्तुत लेखात या तीन मापांचा अर्थ, त्यांची पूर्वपीठिका आणि त्यांच्यातील यांत्रिक फरक स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. तिन्ही मापांतील यांत्रिक फरक खरा असला तरी तो जाहिरातींतून भासतो तितका मोठा नाही. स्वाराची उंची आणि टायरची स्थानिक उपलब्धता या दोन बाबी त्याहून अधिक निर्णायक ठरतात, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

इंच म्हणजे नेमके काय?

चाकाच्या बाबतीत इंच हे मोजमाप नसून नाव आहे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पूर्वी रिमवर टायर चढवून हवा भरल्यानंतर चाकाचा जो बाहेरचा व्यास भरेल, त्यावरून चाकाला नाव दिले जाई. पुढे टायर बारीक-जाड होत गेले, रिम बदलल्या, परंतु नावे तशीच राहिली. परिणामी एकाच नावाच्या दोन चाकांचे टायर परस्परांना बसत नाहीत, तर निरनिराळ्या नावांची दोन चाके प्रत्यक्षात एकच असू शकतात.

खरे माप म्हणजे टायरची कडा रिमवर जेथे टेकते तेथील व्यास. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो मिलिमीटरमध्ये टायरच्या बाजूवर छापलेला असतो. उदाहरणार्थ, ५४-५५९ याचा अर्थ टायरची रुंदी ५४ मि.मी. आणि रिमवरील बैठकीचा व्यास ५५९ मि.मी. या पद्धतीने पाहता डोंगरी सायकलीचे २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४ आणि २९ म्हणजे ६२२ होय.

आता नावांतील गोंधळ पाहू. आपल्याकडील अनेक साध्या सायकलींना २६ × १ ३/८ या मापाचा टायर लागतो. त्याची बैठक ५९० मि.मी. आहे. डोंगरी सायकलीच्या २६ × २.१० टायरची बैठक ५५९. दोन्हींना दुकानात 'सव्वीस' असेच म्हणतात, पण व्यासात ३१ मि.मी.चे अंतर असल्याने एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसणे अशक्य. २६ × १ १/२ हे तिसरे जुने 'सव्वीस', आणि त्याची बैठक ५८४ मि.मी., म्हणजेच नवे म्हणून विकले जाणारे २७.५! उलटपक्षी युरोपात प्रवासी सायकलींवर २८ म्हणून ओळखले जाणारे चाक आणि डोंगरी सायकलीचे २९ या दोहोंची रिम ६२२ चीच आहे; फरक केवळ टायरच्या जाडीचा. आणि आपल्या पाववाल्याच्या सायकलीच्या २८ × १ १/२ टायरची बैठक ६३५ मि.मी. आहे. म्हणजे 'एकोणतीस' घेऊन मोठ्या चाकाचा अभिमान बाळगणाऱ्या तरुणाच्या रिमपेक्षा डबेवाल्याच्या सायकलीची रिम १३ मि.मी.ने मोठी आहे.

यात आणखी एक भर पडते. जुन्या पिढीतील माणूस 'बावीस इंची' किंवा 'चोवीस इंची' सायकल म्हणतो तेव्हा त्याच्या मनात फ्रेमची उंची असते, चाक नव्हे. वडील आणि मुलगा दुकानात एकाच वेळी इंचांत बोलत असतील तर ते एकाच वस्तूविषयी बोलत आहेत असे गृहीत धरू नये.

मापे आली कोठून?

६३५ मि.मी.चे चाक आपल्याकडे ब्रिटिश सायकलींबरोबर आले. पुढे देशी कारखान्यांनी तोच नमुना चालविला. मुंबईपुरते बोलायचे तर वरळीची हिंद सायकल्स ही त्या परंपरेतील महत्त्वाची कंपनी. १९८० च्या कायद्याने ती आणि आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. कच्च्या रस्त्यावर जड ओझे वाहण्यासाठी हे मोठे चाक सोयीचे होते आणि त्याचा टायर गावोगाव मिळत असे. ते टिकून राहण्यास हे दुसरे कारण अधिक जबाबदार असावे.

डोंगरी सायकलीचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. १९३३ साली श्विन या अमेरिकन कंपनीने २६ × २.१२५ मापाचा फुगीर टायर बाजारात आणला. तो मुख्यतः मुलांच्या दणकट सायकलींसाठी होता. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण याच जुन्या सायकली डोंगरउतारावरून पळवू लागले. १९७६ मध्ये तेथे 'रिपॅक' नावाने उताराच्या शर्यती सुरू झाल्या. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम घडविली. टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ल्स केली यांनी १९७९ मध्ये अशा सायकलींचा व्यवसाय आरंभिला. त्या सर्वांनी ५५९ चे चाक स्वीकारले ते काही गणित करून नव्हे. जाड टायर त्याच मापात हमखास मिळत होता म्हणून. फिनलंडमध्ये बर्फाच्या रस्त्यांसाठी तयार होणारे ५८४ मापाचे टायर मागविण्याचा प्रयोगही त्या काळी झाला होता. पुरवठा नियमित असता तर डोंगरी सायकल कदाचित प्रथमपासूनच 'साडेसत्तावीस' ठरली असती.

६२२ च्या रिमसाठी रुंद डोंगरी टायर १९९९ मध्ये उपलब्ध झाला आणि २९ इंची सायकलीचा मार्ग मोकळा झाला. ५८४ चे माप २००७ च्या सुमारास पुन्हा पुढे आले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चेक प्रजासत्ताकाचा यारोस्लाव कुल्हावी २९ इंची चाकांवर पहिला आला आणि स्वित्झर्लंडचा निनो शुर्टर २७.५ वर अगदी थोडक्या अंतराने दुसरा. हाच शुर्टर २०१६ मध्ये रिओ येथे २९ इंची चाकांवर सुवर्णपदक जिंकला. मधल्या काळात मोठ्या उत्पादकांनी महागड्या सायकलींतून २६ जवळपास काढून टाकले.

व्यासाने काय बदलते?

तुलनेसाठी तिन्ही रिमवर ५४ मि.मी. रुंदीचाच टायर आहे असे धरू. टायरची उंची रुंदीइतकीच मानल्यास बाहेरचा व्यास अनुक्रमे सुमारे ६६७, ६९२ आणि ७३० मि.मी. भरतो. यावरून पहिली गोष्ट कळते ती अशी की २७.५ हे माप २६ आणि २९ च्या बरोबर मध्ये नाही. २६ पासून ते २५ मि.मी. दूर आहे, तर २९ पासून ३८ मि.मी. दुकानात त्याला 'मधले माप' म्हणतात, परंतु ते धाकट्याच्या अधिक जवळचे आहे.

मोठ्या चाकाचा मुख्य लाभ अडथळा ओलांडताना होतो. १० सें.मी. उंचीचा दगड चाकापुढे आला आहे आणि आसावर केवळ आडवे बल लावून चाक त्यावर चढवायचे आहे, अशी स्थिती घेऊ. दगडाच्या कडेभोवती आघूर्ण घेतल्यास आवश्यक बल चाकावरील भाराच्या किती पट लागेल हे काढता येते. २६ साठी हे प्रमाण १.०२, २७.५ साठी ०.९९ आणि २९ साठी ०.९५ येते. म्हणजे २६ वरून २९ वर गेल्यास सुमारे ७ टक्के बल वाचते, २७.५ वर केवळ ३ टक्के. दगड ५ सें.मी.चा असेल तर २९ चा लाभ ५ ते ६ टक्क्यांवर येतो. धावत्या सायकलीत संवेग, हवेचा दाब आणि स्वाराचे कौशल्य यांचाही वाटा असतो, त्यामुळे ही स्थितिक गणना सरळ रस्त्यावर उतरविता येत नाही. तरी फरकाची पातळी त्यातून समजते. लोणावळ्याहून राजमाचीकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेवर सुट्या दगडांची रांग संपता संपत नाही. तेथे प्रत्येक दगडामागे वाचलेले हे थोडे बल दिवसाअखेर जाणवेल. ठाकूरद्वारहून चौपाटीपर्यंतच्या रस्त्यावर ते जाणवणार नाही.

मोठे चाक वेग घेण्यास जड असते, हा नेहमीचा आक्षेप. तो तपासून पाहावा. घसरगुंडीविना फिरणाऱ्या कड्याची एकूण गतिज ऊर्जा तिच्या वस्तुमानावर आणि सायकलीच्या वेगावर अवलंबून असते, त्रिज्येवर नव्हे. त्रिज्या वाढल्याने वस्तुमान वाढते तेवढाच परिणाम. एका चाकाची रिम, टायर आणि ट्यूब मिळून दीड किलो धरले तर दोन चाकांचे तीन किलो. २९ मध्ये त्यात सुमारे १० टक्के, म्हणजे ३०० ग्रॅम भर पडते. फिरणारे वस्तुमान दुप्पट मोजावे लागते, तेव्हा ६०० ग्रॅम. स्वार व सायकल मिळून ८० किलो असतील तर हे प्रमाण एका टक्क्याहूनही कमी आहे. सकाळी पोटभर पाणी पिऊन निघाले तरी तेवढी भर पडते.

खरा बोजा वेगळ्याच ठिकाणी येतो. पायडलच्या एका फेरीत २९ ची सायकल २६ पेक्षा सुमारे साडेनऊ टक्के अधिक अंतर कापते. म्हणजेच गिअर तेवढा जड होतो. महाग सायकलीत दातांची संख्या बदलून ही भरपाई केलेली असते. परंतु स्वस्त, एकच गिअर असलेल्या २९ इंची सायकलीत ती केली आहे की नाही हे पाहूनच घ्यावे; अन्यथा तीन बत्तीकडे जाणारा मलबार हिलचा चढ त्या सायकलीवर अकारण उभा वाटेल. तसेच मोठ्या चाकाच्या तारा लांब असल्याने त्याच बांधणीचे चाक बाजूच्या धक्क्याला कमी दाद देणारे राहत नाही, ते लवकर वाकडे होते. मोठ्या उत्पादकांनी त्यासाठी आस रुंद केले. स्वस्त सायकलीत तसे सहसा नसते.

रुंदीकडेही लक्ष वेधणे आवश्यक वाटते. ५४ मि.मी. ऐवजी ६१ मि.मी.चा टायर घातल्यास बाहेरचा व्यास १४ मि.मी.ने वाढतो, म्हणजे २६ आणि २७.५ यांतील निम्म्याहून अधिक अंतर केवळ टायर बदलून भरून निघते. शिवाय रुंद टायरमध्ये हवा कमी दाबाने ठेवता येते आणि खड्डे, पेव्हर ब्लॉक यांचा हादरा तेथेच शोषला जातो. चाकाच्या व्यासाला दिलेले श्रेय पुष्कळदा टायरच्या रुंदीचे असते.

उंची, जिना आणि दुकान

चाक मोठे झाले की आसाची उंची ३१ मि.मी.ने वाढते, हँडल वर जाते, आणि लहान फ्रेममध्ये वळताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागण्याचा संभव निर्माण होतो. पाच फूट तीन इंचांपेक्षा कमी उंचीच्या स्वाराने, मग ती विद्यार्थिनी असो वा विद्यार्थी, २९ चा मोह टाळून २७.५ अथवा चांगल्या स्थितीतील २६ पसंत करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पाच फूट आठ इंचांच्या वरील स्वार सह्याद्रीतील वाटांवर नियमित जाणार असेल तर २९ योग्य. मधल्या उंचीसाठी चाकापेक्षा फ्रेमचे माप पाहावे. वर उल्लेखिलेल्या शुर्टरची उंची १७३ सें.मी. असून त्याने दोन्ही मापांवर ऑलिंपिक पदके मिळविली, एवढे येथे पुरे.

चाळीत राहणाऱ्याला जिनाही विचारात घ्यावा लागतो. केवळ चाकांमुळे २९ ची सायकल २६ पेक्षा ६३ मि.मी.ने लांब होते, आणि दोन आसांमधले अंतरही बहुधा अधिक असते. लाकडी जिन्याच्या वळणावर तेवढे पुरेसे अडचणीचे होते. पुढचे चाक हाताने सहज निघणारे असेल तर ही अडचण निम्मी होते.

टायरचा प्रश्न मात्र गल्लीतल्या दुकानापाशीच सुटतो. ५५९ चे टायर महागड्या सायकलींतून गेले तरी साध्या गिअरविना डोंगरी सायकलींमुळे आपल्याकडे ते अजून सर्रास मिळतात. जे दुर्मीळ झाले ते त्या मापातील उंची टायर आणि पुढचे सस्पेन्शन. म्हणून जुनी, सुस्थितीतील २६ केवळ माप 'बंद झाले' म्हणून भंगारात देण्याचे कारण नाही. ६२२ चे माप रस्त्यावरील शर्यतीच्या व प्रवासी सायकलींतही असल्यामुळे त्याचे भवितव्य सर्वांत सुरक्षित दिसते. ५८४ च्या सायकलीला आडवाटेवर ट्यूब मिळाली नाही तर २६ ची ट्यूब तात्पुरती चालते, कारण रबर तेवढे ताणते. टायरच्या बाबतीत अशी सवलत नाही. ट्यूबचा व्हॉल्व्हही पाहावा. मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. बारीक व्हॉल्व्हसाठी छोटा जोड जवळ ठेवावा लागतो.

जिमखान्यासाठी दरपत्रके मागविताना 'डोंगरी सायकल, २९ इंची' एवढे लिहून भागत नाही. टायरचे मिलिमीटरमधील माप, फ्रेमची किमान दोन मापे, पुढच्या-मागच्या दातांची संख्या आणि व्हॉल्व्हचा प्रकार यांची विचारणा पत्रातच करावी. ज्या सायकली सर्वांनी आळीपाळीने वापरायच्या आहेत त्या सर्वच्या सर्व २९ घेण्यापेक्षा बहुसंख्य २७.५ आणि उंच विद्यार्थ्यांसाठी एक-दोन २९ अशी विभागणी अधिक उपयोगी पडेल. प्रत्येक मापाचा एक टायर व दोन ट्यूब त्याच देयकात घ्याव्यात, कारण स्वतंत्र खरेदीची मंजुरी येईपर्यंत पावसाळा उलटलेला असतो.