कार्यशाळेनंतरचा तास

आपल्या धर्मग्रामांत अनेक घरी शिक्षक-शिक्षिका आहेत. म्हणून हा विषय आम्हांला जवळचा वाटतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तास द्यावेत, अशी अपेक्षा आहे. कार्यशाळा, परिषदा आणि २०१७ साली सुरू झालेला ‘दीक्षा’ हा ऑनलाइन मंच ही त्याची साधने होत. मात्र तास भरणे वेगळे, शिकणे वेगळे. प्रमाणपत्रांची फाइल जाड होते आणि वर्गातील शिकवणे जुनेच राहते, असेही आम्ही पाहिले आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, पाठाची चित्रफीत दिसे. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. २०२० साली त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइज’ मिळाले. तंत्र साधेच, पण ते आपल्या वर्गातील मुलांच्या गरजेतून निघाले होते.

कार्यशाळेहून परतलेल्या शिक्षकाला हवा असतो एक मोकळा तास: शिकलेले एखादे साधन वर्गात वापरून पाहण्यासाठी, फसल्यास सहकाऱ्याला विचारण्यासाठी. मुख्याध्यापकांनी तो वेळापत्रकातच राखून ठेवावा. (आणि कार्यशाळा रविवारी नकोत, ही आमची जुनीच विनंती!)