बंद शाळेचा मीटर किती पळतो? फोनवर मोजून बघा

शाळेची वीज वाचवायची म्हटलं की बहुतेकांच्या डोक्यात आधी छतावरचं सोलर येतं. सोलर चांगलंच आहे, त्यावर खाली बोलूच. पण त्याआधी एक साधा प्रश्न. संध्याकाळी शाळा सुटली, कुलपं लागली, त्यानंतर सकाळपर्यंत मीटर किती पळतो?

हे शोधायला तुमचा फोन पुरतो. बहुतेक डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. म्हणजे दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट वीज वापरली गेली. मुख्याध्यापकांना विचारून, शाळा सुटल्यावर, सगळे पंखे-दिवे बंद असताना त्या दिव्याचा पाच मिनिटं व्हिडिओ काढा आणि नंतर निवांत मोजा. समजा ३२ वेळा लुकलुकला. ३२ भागिले ३२०० म्हणजे ०.०१ युनिट, तेही पाच मिनिटांत. तासाला झालं ०.१२ युनिट. म्हणजेच कोणी नसलेल्या इमारतीत १२० वॅट सतत चालू आहेत. (मीटरला, सीलला हात लावायचा नाही. फक्त लांबून शूटिंग.)

१२० वॅट ऐकायला किरकोळ वाटतं, दीड पंख्याएवढं. पण वेळ बघा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. दिवसाला सहा तास धरले तर १,२०० तास. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे शाळा ७,५०० हून जास्त तास बंदच असते! तेवढ्या वेळात हे १२० वॅट जवळपास ९०० युनिट खातात.

आता याची तुलना पंख्यांशी करू. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. १,२०० तासांत एका पंख्यामागे ५४ युनिट वाचतात, तेही वर्षभर पंखा चालला असं धरून. थंडीत तो बंदच असतो. म्हणजे पाच खोल्यांच्या शाळेतले दहाच्या दहा पंखे बदलले तरी वाचणार फार तर ५४० युनिट. रात्रीचा चोर पकडला तर ९००, आणि खर्च शून्य.

म्हणून चालू पंखे काढून फेकायच्या फंदात पडू नका, असं माझं मत. पंखा जळाला, वायंडिंग गेलं, की मग त्या जागी बीएलडीसी बसवा.

९०० युनिट म्हणजे पर्यावरणाच्या हिशोबात किती? देशाच्या ग्रीडवर सरासरी एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका शाळेमागे ६०० किलोच्या वर. शिवाय रात्री ग्रीडवर सोलर नसतं, तेव्हा कोळशावरचा भार आणखी वाढतो.

आणि पैशांत? युनिटला ८ रुपये धरले तर ७,००० च्या वर. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदानाची तरतूद आहे. त्यातूनच दुरुस्ती, खडू, साहित्य आणि वीजबिल. त्यातला चौथा हिस्सा बंद शाळेनं खाल्ला, तर बिल थकायला वेळ लागत नाही. बिल थकलं की कनेक्शन कापतात आणि लोकवर्गणीतून आणलेला प्रोजेक्टर धूळ खात बसतो.

एक शाळा नको, अख्खं केंद्र घ्या

एकट्या शाळेचा आकडा बघून तो जास्त आहे की कमी, हे कळत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा मात्र आधीच गटात बांधलेल्या आहेत: एका केंद्रप्रमुखाकडे दहाएक शाळा, आणि शिक्षक शिक्षण परिषदेला एकत्र येतातच. तिथं एक गूगल शीट पुरे. शाळेचं नाव, खोल्या किती, शाळा सुटतानाचं रीडिंग, दुसऱ्या दिवशी भरतानाचं रीडिंग. मीटरचा फोटो केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला तरी चालेल. आठवडाभरात दिसतं की आठ शाळांचा रात्रीचा आकडा शून्याच्या जवळ आहे आणि दोन शाळांचा दीड-दोन युनिट. मग फक्त त्या दोन शाळांत शोधायचं.

ब्रिटनमध्ये एनर्जी स्पार्क्स ही संस्था शाळांना स्मार्ट मीटरचे दर अर्ध्या तासाचे आकडे आलेखात दाखवते. मुलं ते बघून गळती शोधतात. आपल्याकडे स्मार्ट मीटर नसला तरी रोजची दोन रीडिंग बरंच काही सांगतात.

सापडतं काय? बहुतेक वेळा वॉटर कूलर, जो रात्रभर कोणासाठी तरी पाणी गार करत असतो. संगणक खोलीतला यूपीएस. किंवा इन्व्हर्टरची म्हातारी बॅटरी, जी कधी पूर्ण भरतच नाही आणि चार्जिंग घेतच राहते. सीसीटीव्ही असेल तर तो चालूच ठेवायचा, त्याचे वॅट वजा करा. सगळे प्लग काढूनही दिवा लुकलुकत असेल, तर मात्र प्रकरण वेगळं. ओल्या भिंतीतून वायरिंगची गळती असू शकते, आणि ती मुलांच्या जिवाशी खेळ आहे. लगेच वायरमनला बोलवा. क्वचित शाळेच्या बोर्डावरून कुणाच्या तरी मंडपाला ओढलेली वायरही सापडते. ते प्रकरण सरपंचांवर सोडा.

आता सोलर

१ किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडे वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं. वरच्या शाळेत दहा पंखे आणि दहा एलईडी ट्यूब १,२०० तास चालल्या तर १,१४० युनिट लागतात. रात्रीचे ९०० मिळवले की २,००० च्या वर. म्हणजे चोर न पकडता सोलर बसवलं तर दीड किलोवॅट लागेल, पकडून बसवलं तर एकात भागेल.

शाळेसाठी नेट मीटरिंग जास्त महत्त्वाचं आहे, कारण भर उन्हाळ्यात, पॅनेल जोरात चालतं तेव्हाच सुट्टी असते. नेट मीटर असेल तर मे महिन्यातली वीज ग्रीडला जाते आणि ते युनिट पुढच्या बिलांत वजा होतात. हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च असल्यामुळे मे मधली जमा पुढे दहा महिने वापरता येते. नुसती बॅटरी लावून घेतली, तर ती एका दिवसात भरते आणि बाकीचं ऊन वाया. तेव्हा कोणी दानशूर सोलर द्यायला आला, तर त्याला पहिला प्रश्न नेट मीटरचा विचारा.