विम्याचे कार्ड आणि ठेकेदार

परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात वडील विम्याच्या कार्डावर औषध घेत. कार्ड गिरणीने काढून दिले होते. आज गिरणीच्या जमिनीवर कचेऱ्यांची इमारत आहे. तिथे माझी मावशी झाडू मारते. गेल्या पावसाळ्यात ती जिन्यावरून पडली. उपचार कर्जाने झाले. ‘तुम्ही आमच्या नाही, ठेकेदाराच्या,’ असे तिला सांगण्यात आले.

हे उत्तर कायद्यात बसत नाही. १९४३ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत असताना आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. आडारकरांकडे आले, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, गाभा तोच राहिला. दहा माणसे कामाला असली की नोंदणी मालकाने करायची. २०१९ पासून पगाराच्या सव्वातीन टक्के मालकाचे, पाऊण टक्का कामगाराचा. मालकाचा वाटा पगारातून कापता येत नाही. आणि ठेक्यावरच्या माणसाची वर्गणी आधी मुख्य मालकाने भरायची, मग हवी तर ठेकेदाराकडून वसूल करायची. कामावरच्या इजेला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. मालकाने नोंदणी टाळली, तरी महामंडळ लाभ देऊन ती रक्कम त्याच्याकडून वसूल करू शकते.

मात्र आपण तिथे काम करत होतो, हे दाखवावे लागते. ठेकेदार बदलला की मावशी जुना गेटपास परत देत असे. आता त्याची झेरॉक्स मी घरी ठेवतो.