इंग्रजीचे वर्ग, हिंदी-उर्दूचे मानकरी

1930 साली अलाहाबाद विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात तिशी ओलांडलेले एक व्याख्याते रुजू झाले. असहकार चळवळीत त्यांनी सरकारी नोकरीवर पाणी सोडले होते, तुरुंगवास भोगला होता आणि काँग्रेसच्या कचेरीतही काम केले होते. वर्गात ते वर्ड्‌सवर्थ शिकवत आणि घरी गझल लिहीत. रघुपती सहाय हे त्यांचे हजेरीपटावरचे नाव. मुशायऱ्यांत सगळे त्यांना फिराक गोरखपुरी म्हणत. 1960 साली त्यांच्या ‘गुल-ए-नग़्मा’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे त्याच संग्रहासाठी 1969चे ज्ञानपीठ. उर्दूला मिळालेले ते पहिले ज्ञानपीठ, आणि ते एका इंग्रजीच्या अध्यापकाने आणले.

हा योगायोग मानावा, तर या विभागात तो पुन्हा पुन्हा घडलेला दिसतो. 1887 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठातल्या इंग्रजीच्या अध्यापकांच्या सन्मानांची यादी समोर ठेवली, की मोठे मान हिंदी आणि उर्दू लेखनासाठी मिळाल्याचे लक्षात येते.

त्यामागे त्या काळाची व्यवस्था होती. ब्रिटिश अमदानीत इंग्रजी हा प्रतिष्ठेचा विषय होता, सरकारी सेवेची वाट त्यातून जात असे. साहजिकच उत्तर भारतातल्या हुशार मुलांचा ओढा तिकडे असे. पण ही मुले घरून उर्दू शायरी, तुलसीदास, कबीर घेऊन आलेली असत. इंग्रजी कविता बारकाईने वाचण्याची सवय त्यांना वर्गात लागली आणि तीच नजर त्यांनी आपल्या भाषेकडे वळवली.

हरिवंशराय बच्चन हे याचे ठळक उदाहरण. उमर खय्यामच्या रुबायांचे फिट्झजेराल्डने केलेले इंग्रजी रूपांतर त्यांनी हिंदीत आणले आणि त्याच ओघात 1935 साली त्यांची स्वतःची ‘मधुशाला’ आली. (मराठीत माधव जूलियनांनाही खय्यामने अशीच भुरळ घातली होती.) बच्चन 1941 ते 1952 या विभागात शिकवत होते. मग ते केंब्रिजला गेले आणि येट्‌सवरील प्रबंधासाठी डॉक्टरेट घेऊन परतले. पुढे परराष्ट्र मंत्रालयात त्यांनी हिंदीचे काम पाहिले, ‘मॅकबेथ’ आणि ‘ऑथेल्लो’ हिंदीत आणले. 1966 साली ते राज्यसभेवर नियुक्त झाले, 1968 साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, 1976 साली पद्मभूषण. 1991चा पहिला सरस्वती सन्मान त्यांच्या आत्मचरित्राला मिळाला.

नेतृत्वाची धुरा वाहिली ती अमरनाथ झा यांनी. वडील गंगानाथ झा संस्कृतचे प्रकांड पंडित आणि याच विद्यापीठाचे कुलगुरू. मुलगा इंग्रजी विभागाचा प्रमुख झाला आणि 1938 साली त्याच कुलगुरुपदावर बसला. पुढे त्यांनी उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाचे अध्यक्षपद सांभाळले. पद्म पुरस्कार सुरू झाले त्याच वर्षी, 1954 साली, त्यांना पद्मभूषण मिळाले.

विजयदेव नारायण साहींच्या वाट्याला एवढी बिरुदे आली नाहीत. इंग्रजी शिकवणारे हे समाजवादी कवी ‘तीसरा सप्तक’मध्ये होते, आणि हिंदी समीक्षा त्यांना ओळखते ती मलिक मुहम्मद जायसी यांच्यावरील पुस्तकामुळे. सोळाव्या शतकातल्या अवधी कवीला नव्याने वाचण्याचे काम इंग्रजीच्या माणसाने केले, ही नोंद कोणत्याही पदकापेक्षा कमी मोलाची नाही.

महाराष्ट्रातही हेच घडलेले दिसते. मराठीतल्या पहिल्या चार ज्ञानपीठ मानकऱ्यांपैकी दोघे, विंदा करंदीकर आणि भालचंद्र नेमाडे, इंग्रजीचे प्राध्यापक होते. अलाहाबादशी मराठीचा त्याहून थेट धागा मात्र अरविंद कृष्ण मेहरोत्रांनी जोडला.

मेहरोत्रा एम.ए.साठी मुंबईत आले आणि 1968पासून अलाहाबादला शिकवू लागले. ते कविता इंग्रजीत लिहीत, पण मुंबईशी त्यांचे नाते तुटले नाही. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला आणि गीव्ह पटेल यांच्यासोबत त्यांनी ‘क्लिअरिंग हाऊस’ ही कवींची प्रकाशन संस्था चालवली. कोलटकरांचे ‘जेजुरी’ 1976 साली पुस्तकरूपाने आले ते तिथूनच. हालाच्या ‘गाथासप्तशती’तल्या निवडक गाथा, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतातले सातवाहनकालीन काव्य, मेहरोत्रांनी 1991 साली इंग्रजीत नेले.

2009 साली ऑक्सफर्डच्या काव्य-प्राध्यापकपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले. रूथ पॅडेल यांना 297 मते पडली, मेहरोत्रांना 129. पॅडेल यांनी नऊ दिवसांतच राजीनामा दिला, पण ते पद मेहरोत्रांकडे आले नाही. त्याच वर्षी मुंबईच्या प्रास प्रकाशनाने एक पुस्तक काढले. 2004 साली गेलेल्या कोलटकरांच्या विखुरलेल्या कविता मेहरोत्रांनी त्यात गोळा केल्या होत्या. कोलटकरांनी इंग्रजीत आणलेले जनाबाई आणि तुकारामांचे अभंगही त्या पुस्तकात आहेत.